लिटलमोरचे धर्मगुरू : संत जॉन हेन्री न्यूमन



ऑक्टोबर महिना म्हटला की आपल्याला जपमाळेची आठवण येते. ह्याच महिन्याच्या ९ तारखेला संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा सण येतो. बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी साजरा होतो, कारण तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. न्यूमन ह्यांचे निधन मात्र ११ ऑगस्टला झाले होते. मग त्यांचा सण ९ ऑक्टोबरला का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला इंग्लंडमधील एका लहानशा खेड्यात जावे लागते. त्या खेड्याचे नाव लिटलमोर.

न्यूमन म्हटले की लोकांना मोठे विचारवंत, लेखक, कार्डिनल आठवतात. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. दोन हजार वर्षांत हा मान मिळालेले ते ३८ वे संत. परंतु ह्या आचार्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे शेतमजुरांच्या एका गरीब वस्तीत, मुलांना धर्मशिक्षण देण्यात आणि आजाऱ्यांच्या भेटी घेण्यात गेली, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही त्या लहान धर्मग्रामाच्या अंगाने त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत.

बालपण आणि शिक्षण

न्यूमन ह्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजी लंडन येथे झाला. सहा भावंडांत ते थोरले. वडील बँकेच्या व्यवसायात होते. १८१६ साली ती बँक बुडाली आणि सुखवस्तू घरावर संकट आले. त्याच वर्षी, वयाच्या पंधराव्या वर्षी, आजारपणामुळे त्यांना सुट्टीत शाळेतच राहावे लागले. त्या एकांतात त्यांना देवाच्या अस्तित्वाची खोल जाणीव झाली. देव आणि मी, ह्या दोन गोष्टींविषयी त्यांच्या मनात पुढे कधीच शंका उरली नाही.

पुढे ते ऑक्सफर्डला ट्रिनिटी कॉलेजात शिकले. अतिअभ्यासाने थकून गेल्यामुळे अंतिम परीक्षेत त्यांना अपेक्षित यश मिळाले नाही. तरीही १८२२ साली ओरिएल ह्या नामांकित कॉलेजाने त्यांना आपले फेलो म्हणून निवडले. १८२५ साली ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य ख्रिस्तसभेचे धर्मगुरू झाले. सेंट क्लेमंट ह्या ऑक्सफर्डच्या गरीब भागात काम करताना त्यांनी घरोघरी जाऊन लोकांच्या भेटी घेतल्या. एवढा विद्वान माणूस दाराशी उभा पाहून लोकांना नवल वाटत असणार. पण धर्मगुरूने आपली माणसे ओळखली पाहिजेत, हा धडा ते तेथे शिकले.

चर्च नसलेले गाव

१८२८ साली न्यूमन ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चचे प्रमुख धर्मगुरू झाले. ह्या धर्मग्रामाला शहराबाहेर तीनेक मैलांवरचे एक खेडे जोडलेले होते. तेच लिटलमोर. शेतमजुरांची छोटी वस्ती, हातावर पोट असलेली कुटुंबे आणि गावात साधे चर्चसुद्धा नाही. मिस्सासारख्या उपासनेसाठी, बारशासाठी, मयतासाठी दुसरीकडे जावे लागे. त्या काळात असे एखादे उपेक्षित खेडे मदतनीस धर्मगुरूवर सोपवून मोकळे होणे सहज शक्य होते. न्यूमन मात्र स्वतः तेथे जात राहिले.

त्यांची आई आणि बहिणी जवळच राहायला आल्या. आजाऱ्यांना भेटणे, गरिबांना मदत करणे, मुलांना शिकवणे ही कामे त्यांनी आपली मानली. गावाला चर्च हवे म्हणून न्यूमन ह्यांनी खटपट केली. ओरिएल कॉलेजाने जागा दिली. २१ जुलै १८३५ रोजी त्यांच्या आईच्या हस्ते चर्चचा पायाचा दगड बसवण्यात आला. पण चर्च पुरे झालेले पाहणे तिच्या नशिबी नव्हते. मे १८३६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला चर्चचा अभिषेक झाला. त्या चर्चमध्ये न्यूमन ह्यांनी आईचे स्मारक बसवले. आजही ते तेथे आहे.

पुढे १८३८ साली गावात शाळेची इमारत उभी राहिली. १८४० च्या उपवासकाळात न्यूमन ह्यांनी आपला मुक्काम लिटलमोरलाच हलवला. तेव्हाचे त्यांचे उद्योग वाचले की आपल्यापैकी प्रत्येक धर्मशिक्षकाला हसू येईल आणि धीरही येईल. मुलांचे हात-तोंड धुतलेले नाहीत, केस विंचरलेले नाहीत, हे पाहून ते अस्वस्थ झाले. मग त्यांनी स्वच्छतेचा आग्रह धरला. मुलींनी रविवारी स्वच्छ पांढरे कपडे घालावेत, विणकाम शिकावे, ह्याकडे लक्ष दिले. मुलांना गायन यावे म्हणून आपले जुने व्हायोलिन बाहेर काढले आणि स्वतः वाजवून त्यांना गाणी शिकवली. दर रविवारी धर्मशिक्षण घेतले. विद्यापीठात ज्यांचे प्रवचन ऐकायला तरुणांची गर्दी लोटत होती, ते न्यूमन येथे शेतमजुरांच्या मुलांसमोर बसून साधे प्रश्न विचारत होते.

आम्हांला वाटते, हे दोन न्यूमन वेगळे नाहीत. पुढे १८७० साली त्यांनी श्रद्धेच्या तत्त्वज्ञानावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दोन प्रकारच्या संमतीमध्ये फरक केला आहे. एक संमती केवळ बुद्धीची असते, दुसरी संपूर्ण माणसाची. समुद्राविषयी पुस्तकात वाचलेल्या माणसालाही समुद्र खोल आहे हे मान्य असते आणि रोज होडी घेऊन जाणाऱ्या कोळ्यालाही. पण दोघांच्या मान्यतेत किती अंतर आहे! देवाविषयीची आपली श्रद्धा कोळ्याच्या मान्यतेसारखी झाली पाहिजे. केवळ युक्तिवादाने माणूस बदलत नाही; माणसे, प्रसंग, उदाहरणे त्याच्या हृदयापर्यंत पोहोचतात. हे ज्ञान न्यूमन ह्यांनी केवळ ग्रंथालयात मिळवले असेल, असे आम्हांला वाटत नाही. लिटलमोरच्या झोपड्यांतही त्यांना ते मिळाले असावे.

मनातील वादळ

ह्याच काळात न्यूमन ह्यांच्या मनात मोठा संघर्ष चालू होता. १८३३ सालापासून ते आणि जॉन केबल, एडवर्ड प्युसी हे त्यांचे मित्र एक चळवळ चालवत होते. तिला ऑक्सफर्ड चळवळ म्हणतात. इंग्लंडची ख्रिस्तसभा ही सरकारचे एखादे खाते नसून ती प्रेषितांपासून चालत आलेली आहे, हे लोकांना पटवून देणे हा तिचा हेतू होता. त्यासाठी ते प्राचीन ख्रिस्तसभेच्या आचार्यांचा अभ्यास करू लागले.

अभ्यासाने त्यांना नको त्या ठिकाणी आणून सोडले. १८३९ च्या उन्हाळ्यात पाचव्या शतकातील वाद वाचत असताना त्यांच्या लक्षात आले की, त्या काळी मूळ ख्रिस्तसभेपासून फुटून निघालेले जेथे उभे होते, तेथेच आज आपण उभे आहोत आणि रोम मात्र तेव्हा होते तेथेच आहे. ज्या रोमवर त्यांनी स्वतः कडक टीका केली होती, तेच रोम खरे असेल तर?

१८४१ साली त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तिकेवरून गदारोळ उठला. अँग्लिकन श्रद्धेची ३९ कलमे कॅथलिक अर्थानेही समजून घेता येतील, असे त्यांनी त्यात म्हटले होते. विद्यापीठाने निषेध केला. एकामागून एक बिशपांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. वर्तमानपत्रांत त्यांच्यावर विश्वासघातकी असल्याचा आरोप झाला.

१८४२ च्या एप्रिलमध्ये ते ऑक्सफर्ड सोडून कायमचे लिटलमोरला राहायला गेले. घोडागाड्यांच्या जुन्या तबेल्याची डागडुजी करून त्यांनी राहण्याच्या लहान लहान खोल्या केल्या. धान्याच्या कोठाराचे ग्रंथालय झाले. काही तरुण त्यांच्याबरोबर राहू लागले. प्रार्थना, उपवास, मौन आणि अभ्यास असा त्यांचा दिनक्रम असे. येथे गुपचूप मठ चालवला जात आहे, अशी कुजबुज बाहेर सुरू झाली. न्यूमन ह्यांना त्याचा फार त्रास झाला. आजारी प्राण्यालाही कोपऱ्यात पडून राहण्याची मोकळीक असते, माणसाला का नसावी, असे त्यांना वाटत होते.

धर्मग्रामाचा निरोप

१८४३ साली त्यांनी रोमवर केलेली जुनी टीका जाहीरपणे मागे घेतली. सप्टेंबरमध्ये सेंट मेरी चर्चच्या पदाचा राजीनामा दिला. मनात शंका असताना लोकांचा धर्मगुरू म्हणून वेदीसमोर उभे राहणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना.

२५ सप्टेंबर १८४३ रोजी त्यांनी लिटलमोरच्या चर्चमध्ये शेवटचे प्रवचन दिले. चर्चचा वर्धापनदिन साजरा होत होता. वेदी फुलांनी सजली होती. शाळेतील मुलींच्या अंगावर नवे कपडे होते. ती न्यूमन ह्यांची निरोपाची भेट होती. प्रवचनासाठी त्यांनी १०४ व्या स्तोत्रातील, माणसाच्या दिवसभराच्या श्रमांविषयीचे वचन घेतले. १८२४ साली आपल्या पहिल्या प्रवचनासाठीही त्यांनी तेच घेतले होते. मित्रांच्या ताटातुटीविषयी ते बोलले. लोक हुंदके देऊन रडत होते. उपासना चालवणाऱ्या प्युसींनाही अश्रू आवरेनात.

आम्हां धर्मगुरूंना बदलीची सवय असते. बिशपांचे पत्र आले की आम्ही एक धर्मग्राम सोडून दुसरीकडे जातो. डोळे ओलावतात, पण पुढे दुसरी माणसे वाट पाहत असतात. न्यूमन ह्यांची वाट कोणीही पाहत नव्हते. त्यांना कोणी बदलले नव्हते, पुढे कोठे जायचे हेही ठाऊक नव्हते. जी मुले त्यांनी वाढवली, जे चर्च त्यांनी बांधले, ज्या चर्चमध्ये आईची आठवण होती, ते सारे त्यांनी केवळ सदसद्विवेकबुद्धीच्या सांगण्यावरून सोडले. आणि तरीही पुढची दोन वर्षे ते त्याच गावात, त्याच लोकांमध्ये, एक साधा माणूस म्हणून राहिले. ही परीक्षा सोपी नव्हती.

घाई करायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. भावनेच्या भरात उचललेले पाऊल त्यांना नको होते. ह्या दोन वर्षांत त्यांनी श्रद्धातत्त्वांच्या विकासावर ग्रंथ लिहायला घेतला. आंब्याच्या कोयीचे झाड होते तेव्हा ते कोयीसारखे दिसत नाही, पण ते चिंचेचे झाड झालेले नसते; कोयीत जे होते तेच वाढलेले असते. त्याचप्रमाणे आजची ख्रिस्तसभा प्रेषितांच्या काळातील ख्रिस्तसभेहून वेगळी दिसत असली तरी ती तीच आहे, ह्या निष्कर्षापर्यंत ते लिहिता लिहिता पोहोचले. तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली. ग्रंथ अपुराच राहिला. आता लिहायचे नव्हते, करायचे होते.

पावसात भिजलेला पाहुणा

८ ऑक्टोबर १८४५ ची रात्र. धो धो पाऊस पडत होता. घोडागाडीच्या टपावर बसून तासन् तास भिजत आलेला एक इटालियन धर्मगुरू रात्री अकराच्या सुमारास लिटलमोरच्या त्या घरी पोहोचला. त्यांचे नाव फादर डॉमिनिक बार्बेरी. ते पॅशनिस्ट संघाचे होते. गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ह्या माणसाने तरुणपणापासून इंग्लंडमध्ये मिशनकार्य करण्याचे स्वप्न पाहिले होते. वयाची पन्नाशी जवळ आल्यावर त्यांना ती संधी मिळाली. त्यांची इंग्रजी मोडकीतोडकी होती. रस्त्यातून जाताना पोरे त्यांची टर उडवत, दगडही मारत.

फादर डॉमिनिक शेकोटीजवळ कपडे वाळवत उभे होते. इतक्यात न्यूमन खोलीत आले आणि त्यांच्या पायांशी गुडघे टेकून त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत घेण्याची विनंती केली. इंग्लंडमधील एक थोर विद्वान आणि भाषेची अडचण असलेला एक परदेशी साधू! देवाने आपल्या ह्या भक्तासाठी कोणाला निवडले पाहा. त्याच रात्री न्यूमन ह्यांचे पापनिवेदन सुरू झाले आणि ते दुसऱ्या दिवशी पूर्ण झाले. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी ते दोन सहकाऱ्यांसह ख्रिस्तसभेत आले. दुसऱ्या दिवशी फादर डॉमिनिक ह्यांनी तेथे मिस्सा अर्पण केली. वेदी नव्हती, म्हणून न्यूमन ह्यांचे लिहिण्याचे मेज वेदी म्हणून वापरले. ज्या मेजावर विचारांचा संघर्ष चालला होता, त्याच मेजावर प्रभू येशू आला. म्हणूनच त्यांचा सण ९ ऑक्टोबरला. फादर डॉमिनिक ह्यांनाही पोप पॉल सहावे ह्यांनी १९६३ साली धन्यवादित घोषित केले.

ह्या निर्णयाची किंमत मोठी होती. ओरिएल कॉलेजाची फेलोशिप त्यांनी आधीच सोडली होती. त्या काळी कॅथलिकांना ऑक्सफर्डमध्ये स्थान नव्हते. थोरली बहीण हॅरिएट हिने त्यांच्याशी संबंध तोडले. केबल आणि प्युसी ह्यांच्यासारखे जिवलग मित्र दुरावले. फेब्रुवारी १८४६ मध्ये लिटलमोर सोडताना त्यांनी आपल्या खोलीतील पलंगाचे आणि शेकोटीवरील फळीचे चुंबन घेतले.

पुन्हा गरिबांमध्ये

रोममध्ये १८४७ साली ते कॅथलिक धर्मगुरू झाले. परत येऊन त्यांनी संत फिलिप नेरी ह्यांच्या ऑरेटरीची स्थापना केली. बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहरात, एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केले. आता समोर शेतमजुरांऐवजी कामगार होते. १८४९ साली जवळच्या बिल्स्टन गावात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ते स्वतः तेथे मदतीला गेले.

कॅथलिक म्हणूनही त्यांना सुख लाभले नाही. डब्लिनचे कॅथलिक विद्यापीठ उभारण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले, पण पुरेसे सहकार्य मिळाले नाही. श्रद्धेच्या बाबतीत प्रापंचिकांचेही मत विचारात घ्यावे, असे १८५९ साली लिहिल्यामुळे रोममध्ये त्यांच्याविषयी संशय निर्माण झाला. एकीकडे जुने लोक त्यांना फितूर म्हणत, दुसरीकडे नवे लोक अर्धवट कॅथलिक. १८६४ साली एका अँग्लिकन धर्मगुरूने त्यांच्या सत्यनिष्ठेवरच आरोप केला. तेव्हा त्यांनी आपल्या धार्मिक जीवनाची कहाणी लिहून उत्तर दिले. त्या पुस्तकाने विरोधकांचीही मने जिंकली. पुढच्याच वर्षी, तब्बल वीस वर्षांनी, केबल ह्यांच्या खेड्यातील घरी तिघे म्हातारे मित्र एकत्र जेवले.

१८६८ साली ते कोणालाही न कळवता लिटलमोरला गेले. चर्चच्या फाटकाला टेकून रडत उभा असलेला एक वृद्ध माणूस लोकांनी पाहिला. ते न्यूमन होते. आपल्या निर्णयाचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. पण सत्यासाठी सोडलेली माणसे मनातून जात नाहीत. संतांनाही दुःख होते, हे आपण विसरू नये.

१८७९ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना कार्डिनल केले, तेव्हा संशयाचे ढग कायमचे दूर झाले. कार्डिनल झाल्यावरही ते बर्मिंगहॅमलाच राहिले. अखेरच्या दिवसांत, चॉकलेटच्या एका कारखान्यातील कॅथलिक मुलींना त्यांना न मानवणाऱ्या प्रार्थनासभेला बसावे लागते, असे कळल्यावर हे वृद्ध कार्डिनल स्वतः मालकांना भेटायला गेले. त्या मुलींना प्रार्थनेसाठी वेगळी खोली मिळाली. लिटलमोरच्या मुलींची काळजी घेणारे धर्मगुरू अजून तेच होते.

११ ऑगस्ट १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या मार्गावर हजारो लोक उभे होते. त्यांत गरीब मोठ्या संख्येने होते. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २०१० साली त्यांना धन्यवादित आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संत घोषित केले. त्याच समारंभात आपल्या केरळच्या मदर मरियम थ्रेसिया ह्यांनाही संतपद मिळाले. १८३३ साली समुद्रप्रवासात न्यूमन ह्यांनी लिहिलेले, अंधारात वाट दाखवण्यासाठी प्रकाशाला विनवणारे गीत महात्मा गांधींचेही आवडते होते. संपूर्ण वाट दिसावी असे त्या गीतात मागितलेले नाही. पुढच्या एका पावलापुरता उजेड मागितला आहे.

आपल्यासाठी

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल तसे वागणे, असा अर्थ आज सर्रास घेतला जातो. न्यूमन ह्यांच्या दृष्टीने ती देवाची हाक होती. ती ऐकून त्यांनी मनाला नको असलेले केले, आवडते होते ते सोडले. आपली बुद्धी आपल्याला नेहमी सोयीचेच सांगत असेल, तर आपण खरोखर तिचे ऐकतो की तिला शिकवून ठेवतो, हे तपासून पाहू या.

आपल्यापैकी काहींच्या घरात श्रद्धेवरून, लग्नावरून किंवा एखाद्या निर्णयावरून बोलणे तुटलेले असेल. न्यूमन आणि त्यांचे मित्र वीस वर्षांनी एका टेबलाशी बसले. आपण तितकी वर्षे थांबू नये.

आणि दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात दंगा करणाऱ्या मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या आमच्या शिक्षक-शिक्षिकांनो, आपले काम लहान आहे असे समजू नका. ख्रिस्तसभेच्या एका आचार्यांनी हेच काम केले. मुलांचे केस विंचरलेले नाहीत म्हणून तेही वैतागले होते.

संत जॉन हेन्री न्यूमन, आम्हांसाठी विनंती करा.